सहानंतर कुणालाही थांबवू नये

तीर्थस्वरूप आत्या,

तुला नमस्कार. वाकूनच करणार होते, पण माझ्या भाड्याच्या खोलीत टेबल आणि पलंग यांच्यामध्ये जेवढी जागा आहे तेवढ्यात एक तर वाकता येतं किंवा पत्र लिहिता येतं. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिने चढू नका म्हटल्यापासून तू जिने उतरायलाही तयार नाहीस, असं बाबा फोनवर सांगत होते (मग आता वर राहायचं की खाली, हे तुमच्या घरी ठरलं का?). आतोबांना दुपारची झोप आणि संध्याकाळची झोप यांच्यामध्ये अजून जाग येत असेल, तर तेवढ्यात त्यांनाही माझा नमस्कार सांग. मी मजेत आहे. जेवते वेळेवर. तू दिलेली शाल वापरते, कारण आमच्या ऑफिसात सर्वांच्या सहमतीने पंखा बंद करायचा असतो आणि सहमती अजून झालेली नाही.

मागच्या खेपेला तू मला सगळ्यांसमोर विचारलंस की, ‘बाई गं, तू करतेस तरी काय?’ मी तेव्हा पाणी आणायला उठले. आता बसून सांगते. आमची संस्था इतर संस्थांना एकत्र बसून विचार करायला मदत करते. त्यांच्या लोकांना आम्ही गोल बसवतो, प्रश्न विचारतो, चिठ्ठ्या लिहायला लावतो, त्या भिंतीवर चिकटवतो आणि सगळे मिळून एका निर्णयाला पोचतात. याला वर्कशॉप म्हणतात आणि ते घडवून आणणाऱ्या माणसाला फॅसिलिटेटर. (आई शेजारी सांगते की मी लोकांना बोलतं करते. समोरच्या काकू तेव्हापासून मला पोलिसात समजतात आणि दिसले की आपल्या मुलाला आत पाठवतात.) तू हसशील, पण माझा यावर खरंच विश्वास आहे, आत्या. आपल्या घरात कधी कुणी कुणाला विचारून काही ठरवलं का? आजोबा बोलायचे आणि बाकीचे चपला घालायचे. मी घरातली पहिली पदवीधर, तेव्हा मला वाटलं की शिकून काही करायचं तर हेच करावं: जो कोपऱ्यात गप्प बसतो, त्याचंही म्हणणं भिंतीवर लागावं.

आमचे सर, ज्यांना आम्ही पाठीमागे वर्तुळसर म्हणतो (दोनच माणसं असली तरी ते खुर्च्या गोलच मांडायला लावतात), त्यांची शिकवण एकच. आपल्याकडे प्रश्न असतात, मतं नसतात. फॅसिलिटेटरने हवेसारखं असावं. तिथं असावं, पण कुणाला लागू नये. मी शिकाऊ म्हणून लागले आणि इतके महिने हवेसारखीच होते, म्हणजे खुर्च्या वाहत होते. मग सरांनी मला स्वतंत्र वर्कशॉप दिलं आणि सांगितलं, हे नीट पार पडलं तर तू कायम. बाबांना फोनवर एवढं सांगितलं, तर त्यांनी ‘पार पडलं तर’ हा भाग ऐकलाच नाही आणि गल्लीभर मुलगी कायम झाल्याचं सांगून आले. तेव्हापासून ते फोनवर माझ्याशी जरा जपून बोलतात, जणू मी बँक आहे.

काम होतं पाट्यांच्या कारखान्यात. ‘थुंकू नये’, ‘शांतता राखा’, ‘परवानगीशिवाय आत येऊ नये’, अशा ज्या पत्र्याच्या पाट्या आपण जन्मभर वाचतो आणि मोडतो, त्या तिथं होतात. पत्रा कापायचा, रंगवायचा, भट्टीत भाजायचा. मालकांकडे मी आखणीसाठी गेले तेव्हा ते फार प्रेमाने बोलले. म्हणाले, ‘माझ्या लोकांनी अगदी मोकळेपणाने विचार करून कंपनीची पाच मूल्यं शोधावीत, अशी माझी इच्छा आहे. शिस्त, वेग, निष्ठा आणि हसतमुखपणा.’ मी म्हटलं, ही चारच झाली. तर म्हणाले, ‘पाचवं त्यांचं त्यांना शोधू द्या की. सहभाग म्हणतात तो हाच!’

मी सरांना सांगितलं की चार मूल्यं आधीच सापडलेली आहेत. सर डोळे मिटून म्हणाले, ‘तुला याबद्दल काय प्रश्न पडतो?’ मला पडला होता तो प्रश्न सरांबद्दल होता, म्हणून मी वही मिटली. कार्यक्रमपत्रिका त्यांनीच मंजूर केली. त्यात मन मोकळं करायला वीस मिनिटं होती आणि चहाला अर्धा तास. मी अदलाबदल सुचवली. सर म्हणाले, चहा हलवता येत नाही, मन येतं.

पहिल्या दिवशी मी भट्टीशेजारच्या हॉलमध्ये खुर्च्या गोल मांडल्या. मंडळी आली ती अशा चेहऱ्याने, जशी माणसं दातांच्या दवाखान्यात येतात. त्यांना असले कार्यक्रम नवे नव्हते. एका वर्षी त्यांना डोळे बांधून अंगणात फिरवलं होतं, एका वर्षी दोरीत गुंतवलं होतं, एकदा तर नळ्यांचे मनोरे करायला लावले होते (त्यातला एक अजून हिशेबनीसांच्या कपाटावर आहे; पाडला तर एकजूट मोडेल म्हणून कुणी हात लावत नाही). फोरमन माझ्याजवळ आले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, ‘मॅडम, डोळ्यांवर पट्टी असेल तर आधी सांगा, चष्मा काढून ठेवतो. आणि यंदा काय शोधायचंय तेही सांगून टाका. जेवणाआधी शोधून देतो. भट्टी तापलीय.’

मला भरून आलं, आत्या. इतकी शहाणी माणसं आणि त्यांच्याशी हे असं वागायचं? मी मालकांची चार मूल्यं मनातल्या मनात खिडकीतून बाहेर टाकली आणि उभी राहिले. म्हटलं, इथे काहीही शोधून द्यायचं नाही. तुम्हाला या कारखान्यात काय बदलावंसं वाटतं, ते चिठ्ठीवर लिहा. नाव घालू नका. जे लिहाल ते या भिंतीवर लावीन आणि भिंतीवर लागलेली प्रत्येक चिठ्ठी पुढे जाईल, हा माझा शब्द. यावर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. ‘या भिंतीवर?’ असं पत्रा कापणाऱ्यांनी विचारलं. मी म्हटलं, हो, याच. ‘नक्की?’ असं फोरमननी विचारलं. नक्की, मी म्हटलं. मला वाटलं, किती घाबरलेली माणसं आहेत ही.

चहाच्या वेळी रवानगी विभागातल्या बाई माझ्याकडे आल्या. पाट्या कागदात गुंडाळून गाडीवर चढवायचं काम त्यांचं. मालक रोज सहाला घरी जातात आणि जाता जाता त्यांना एखादं तातडीचं काम आठवतं, ते बाकीच्यांनी थांबून करायचं. बाईंची मुलगी पाळणाघरात असते. पाळणाघर सहाला बंद होतं. मग ती पोरगी दप्तर मांडीवर घेऊन बाहेरच्या पायरीवर बसते आणि पाळणाघरवाली कुलूप हातात घेऊन तिच्याशेजारी. बाई म्हणाल्या, ‘आता मुलगी मलाच समजावते, की आई, पायरीवर मज्जा येते. मला तेच ऐकवत नाही हो.’ त्यांनी हातातली चिठ्ठी दाखवली: ‘सहानंतर कुणालाही थांबवू नये.’ आणि विचारलं, ‘होईल का खरंच?’ मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, होईल. (हवेने हात धरायचा नसतो, हे मला तेव्हा आठवलं नाही.)

दुपारपर्यंत भिंत भरली. अक्षर काय सुंदर त्या लोकांचं! आणि सगळ्यांचं हुबेहूब सारखं, कारण जन्म पाट्या लिहिण्यात गेलेला. प्रत्येक चिठ्ठीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात माप, रंग आणि जागा लिहिली होती: दीड बाय एक, लाल, केबिनच्या दाराबाहेर. मला वाटलं, बघा, नुसती तक्रार करत नाहीत, किती बारकाईने विचार करतात. मी भिंतीचा फोटो काढला, सरांना पाठवला आणि चिठ्ठ्या रात्रभर हवा खाऊ देत म्हणून तशाच ठेवून घरी आले.

त्या भिंतीबद्दल मला कुणी सांगितलं नव्हतं, आत्या. म्हणजे सांगायला हवं असं कुणाला वाटलंच नाही, कारण तिथं ते सगळ्यांना ठाऊक असतं. मालकांच्या वडिलांच्या वेळेपासून तिथला नियम आहे की, काय करायचं ते चिठ्ठीवर लिहून त्या भिंतीवर लावायचं. नवी पाटी करायची असो की जुनी उतरवायची असो, चिठ्ठी लावली की काम निघालं. दिवसा भिंतीला कुणी हात लावत नाही. दिवसा आदल्या दिवसाचं काम चालू असतं. सहा वाजून गेले, मालक गेले, की मागे थांबलेली माणसं भिंत रिकामी करतात आणि सकाळपर्यंत पाटी जागेवर. रोजचं तातडीचं काम म्हणतात ते हेच. त्या दिवशीही मंडळी थांबली, त्यांनी भिंतीकडे बघितलं आणि ती कामाला लागली. नंतर फोरमन म्हणाले, ‘आम्हालाही वाटलं, यंदाचं ट्रेनिंग जरा धाडसी आहे. पण तुम्ही नक्की म्हणालात.’

दुसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा मालक स्वतःच्या केबिनबाहेर उभे होते आणि आत जात नव्हते. दारावर लाल पाटी होती: ‘आत शिरण्यापूर्वी मालकांचा चेहरा पाहावा. भुवया वर असल्यास उद्या यावे.’ जिन्यावर निळी पाटी: ‘बढतीचा मार्ग. फक्त भाच्यांसाठी.’ (मालकांचे दोन भाचे त्याच जिन्यावर उभे राहून ती वाचत होते आणि आपण वर जावं की खाली, हे त्यांना कळत नव्हतं.) सूचनापेटीवर: ‘सूचना टाकू नयेत. कुलूप गंजले आहे.’ बैठकीच्या खोलीवर: ‘येथे मालक आपली लहानपणची गोष्ट सांगतात. जेवून यावे.’ आणि बाहेर, मुख्य दारावर, सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत देखणी: ‘सहानंतर कुणालाही थांबवू नये.’ मनाईला लाल, माहितीला निळा. शिस्त होती म्हणजे. वेगही होता. मालकांची चारपैकी दोन मूल्यं तर तिथंच सापडली होती, पण हे त्यांना दाखवून द्यायची ती वेळ नव्हती.

‘कुणी लिहिलं हे?’ मालक ओरडले. सगळे जमिनीकडे बघायला लागले. अक्षर सारखंच, त्यामुळे ओळखणार कसं? मग ते माझ्याकडे वळले. बाबांनी भिंतीवर लावलेली माझी पदवी डोळ्यांपुढे आली, तिच्यापुढे उभं राहून ते रोज चष्मा पुसतात ना, तेही आलं. मी म्हटलं, नावं सांगणार नाही, मी शब्द दिलाय. मालकांच्या भुवया वर गेल्या. नियमाप्रमाणे मी उद्या यायला हवं होतं.

तेवढ्यात दारात गाडी थांबली आणि एका मोठ्या रुग्णालयाच्या खरेदी अधिकारी आत आल्या. त्या ‘येथे पादत्राणे काढावीत’ बघायला आल्या होत्या. त्यांनी दारावरची पाटी वाचली, जिन्यावरची वाचली, केबिनवरची वाचली आणि हसता हसता तिथल्याच पत्र्याच्या थप्पीवर बसल्या. ‘अहो, एवढी हिंमत तर आमच्या रुग्णालयात कुणाची नाही!’ म्हणाल्या. ‘ती दारावरची मला हवी. प्रत्येक वॉर्डाला, प्रत्येक मजल्याला. आमच्या नर्सबाई आशीर्वाद देतील.’ आणि नमुना म्हणून दारावरचीच उतरवून गाडीत घालून घेऊन गेल्या.

आत्या, माणसाच्या भुवया इतक्या लवकर खाली येताना मी पाहिल्या नव्हत्या. मालकांनी सगळ्यांना गोळा केलं (आपणहून गोल!) आणि जाहीर केलं की आपलं पाचवं मूल्य सापडलं आहे: मोकळेपणा. केबिनवरची आणि जिन्यावरची पाटी उतरवायच्या चिठ्ठ्या त्यांनी स्वतः लिहून भिंतीवर लावल्या, मोकळेपणाने. सरांना फोन करून माझी तारीफ केली. सर मला म्हणाले, आठवड्याने आढावा घेऊन ये, मग तुझ्या कायम होण्याचं बघू. मी त्या आठवड्यात रस्त्याने चालताना अनोळखी माणसांकडे बघूनही हसत होते.

आढाव्याला मी मुद्दाम संध्याकाळी गेले, म्हणजे रिकामा कारखाना डोळे भरून बघता येईल. सहा वाजून बराच वेळ झाला होता. सगळे दिवे चालू. भट्टी चालू. पत्रा कापणारे पत्रा कापत होते, रंगवणारे रंगवत होते आणि जिकडे बघावं तिकडे माणसाच्या उंचीच्या थप्प्या: ‘सहानंतर कुणालाही थांबवू नये’, ‘सहानंतर कुणालाही थांबवू नये’. मागणी इतकी वाढली होती की मालक रोज रात्रीच्या जेवणाच्या वेळेपर्यंत सगळ्यांना थांबवून घेत होते. रवानगीच्या बाई एकेक पाटी कागदात गुंडाळत होत्या. थप्पीवर ठेवलेला त्यांचा फोन थरथरत होता, पाळणाघराचा. मला बघून त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हसून म्हणाल्या, ‘मॅडम, झालं बरं का माझ्या चिठ्ठीचं काम. सगळ्यांचं झालं, एक मी सोडून.’

मला पुढचं नीट आठवत नाही असं लिहिणार होते, पण चांगलं आठवतं. माझ्या पिशवीत पिवळ्या चिठ्ठ्या होत्या, मार्कर होता. सरांचा आवाजही होता, प्रश्न असतात, मतं नसतात. मी खूप शोधलं, पण त्या क्षणी मला एकही प्रश्न सापडला नाही. मी चिठ्ठीवर लिहिलं: ‘सहा वाजता बटण बंद करावे. दोन बाय एक, लाल, भट्टीच्या मुख्य बटणावर.’ आणि भिंतीवर लावली. फोरमननी चष्मा पुसून ती वाचली. ‘नक्की?’ त्यांनी विचारलं. नक्की, मी म्हटलं. त्यांनी चिठ्ठी उतरवली आणि पत्रा मागवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खरेदी अधिकारी माल तपासायला आल्या होत्या, मालक त्यांना भट्टी दाखवत होते, मीही आढाव्याच्या नावाखाली तिथंच होते. घड्याळात सहा झाले आणि फोरमननी बटण दाबलं. भट्टी थांबली, पंखे थांबले, इतकं शांत झालं की कुणाच्या तरी डब्याचं झाकण लागल्याचं ऐकू आलं. मालक म्हणाले, ‘हे काय?’ फोरमननी बोट वर केलं. खरेदी अधिकाऱ्यांनी पाटी वाचली आणि मालकांकडे इतक्या आदराने बघितलं, की ते ओरडायच्या बेतात होते ते खोकले. ‘म्हणजे तुमच्याकडे पाळतातही?’ त्या म्हणाल्या. ‘मी जन्मभर पाट्या विकत घेतेय, पाळलेली आज पहिल्यांदा बघितली.’ यावर मालक काय म्हणणार? म्हणाले, ‘आमच्याकडे पाटी म्हणजे पाटी.’ आणि सगळ्यांबरोबर बाहेर पडले. रवानगीच्या बाई माझ्याजवळून गेल्या त्या चालत नव्हे, पळत.

तर आत्या, मी नक्की काय करते, ते हे. तुझी प्रकृती सांभाळ. जिन्याबद्दल निर्णय होत नसेल तर दोघांनी समोरासमोर बसून आधी एकमेकांचं ऐकून घ्या (आतोबा जागे असताना). बाकी सगळं ठीक. मोठ्यांना नमस्कार, लहानांचे गाल ओढ.

तुझी,
शिकलेली भाची

ता. क. – कायम झाले का, असं तू विचारशीलच. मालकांनी त्याच संध्याकाळी सरांना फोन करून चिठ्ठीचं अक्षर कुणाचं ते सांगितलं. माझं ओळखू आलं, कारण तिथं वाईट अक्षराची मी एकटीच. सरांनी मला काढलं मात्र नाही हं. ते तसं कधीच करत नाहीत. त्यांनी दोन खुर्च्या गोल मांडल्या, मला एक चिठ्ठी दिली आणि विचारलं, ‘ज्याला मत आहे अशा फॅसिलिटेटरने कुठे असावं असं तुला वाटतं?’ समोर फळ्यावर दोन रकाने होते, ‘आत’ आणि ‘बाहेर’. मी बराच वेळ प्रामाणिकपणे विचार केला आणि चिठ्ठी ‘बाहेर’खाली लावली. सरांनी टाळ्या वाजवल्या आणि निर्णय एकमताने झाल्याची नोंद केली. घरी पोचेपर्यंत मला वाटत होतं की वर्कशॉप छान झालं.

आणखी एक – म्हणून हे पत्र. बाबांना तू सांग. मी तीनदा फोन लावला आणि तिन्ही वेळा हवामान विचारून ठेवला. तुझ्यापुढे ते अजून उभेच राहतात, तुझं शेवटपर्यंत ऐकतील. रविवारी जा (त्यांच्याकडे जिना एकाच मजल्याचा आहे, मी विचार करूनच म्हणतेय). आधी त्यांना बसव. पदवीच्या चौकटीकडे पाठ करून बसव. गल्लीत कुणाकुणाला सांगून झालंय ते विचारू नकोस. आणि माझी चूक झाली असं म्हणू नकोस, कारण ती झाली की नाही याबद्दल माझं मत आहे.

शेवटचं – पाकीट चिकटवता चिकटवता रवानगीच्या बाईंचा फोन आला. मागे त्यांची मुलगी मोठ्याने गात होती, म्हणून अर्धंच ऐकू आलं. मालकांना बटणावरची पाटी उतरवायची आहे. तशी चिठ्ठी त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून भिंतीवर लावली आहे. रोज संध्याकाळी ते ती बघतात आणि रोज सकाळी ती तिथंच असते. भिंत सहानंतर रिकामी करतात, आणि सहानंतर आता तिथं कुणी नसतं.